काचेच्या कौलाखालची तांबडी

बायको गेली त्या दिवशी घरातलं पाणी ओतून टाकलं.

आमच्याकडे ही रीत आहे. घरात माणूस जातं तेव्हा घरात जे पाणी भरलेलं असतं ते ठेवत नाहीत. हंडे, कळशा, माठ, न्हाणीतलं घंगाळ, सगळं परसात रिकामं करतात, भांडी घासून पालथी घालतात आणि मग नवं पाणी भरतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. त्या दिवशी सावित्री नदीवरून ओल्या धोतरानं परत आलो, अंगणात शिरलो, तर पालथ्या हंड्यांच्या रांगेत काचेची पेटीही पालथी घातलेली होती.

ही पेटी म्हणजे मासे आणि पाणवनस्पती ठेवायची काचेची टाकी. कडांना लोखंडी पट्ट्या, मध्ये काचा. उचलायला दोन माणसं लागायची, एवढी जड. आत्यानं आणि शेजारच्या बाईनं आधी तांब्यानं पाणी उपसलं होतं, मग पेटी कलती करून वाळूसकट परसात ओतली होती. काचा आतून राखेनं घासून लख्ख केल्या होत्या.

"आत्ये, ह्यातलं सगळं कुठं टाकलंस?"

"अळवात. कुठं टाकणार?" आत्या म्हणाली. माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "बाबा, पाणी ते पाणी. हंड्यातलं काय न् काचंतलं काय. ती घरात व्हती तवा भरलेलं व्हतं ना?"

"हो."

"मग कसं ठेवायचं?"

तिचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. रीत तिनं काटेकोर पाळली होती. आमच्या आळीत दुसऱ्या कुणाच्या घरी अशी पेटी नव्हती, त्यामुळे पेटीतल्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न आधी कुणाला पडलाच नव्हता.

मी परसात गेलो. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं अळू माजलं होतं. त्याच्या बुडाशी वाळूचा ढीग पडला होता. मासे नव्हते. कावळे अजून कुंपणावर बसून होते. वाळूच्या कडेला चिखलात तांबड्या काड्या चिकटून पडल्या होत्या, पानं मिटून मातीला लागलेली. मी त्या एकेक करून सोडवल्या. धोतराच्या सोग्यात घेतल्या. दारातून कुणीतरी म्हणालं, "मास्तर काय शोधतायत?" आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं.

त्या काड्या बायकोनं लावलेल्या होत्या. त्या जगवायच्या, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं. पुढं पुष्कळ दिवस तेवढंच होतं.

पेटी आमच्या घरी आली ती तिच्या भावामुळे. तो मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेबाकडची पेटी गळू लागली, साहेबानं ती टाकून द्यायला सांगितली, आणि यानं पेंढ्यात गुंडाळून यस्टीच्या टपावर घालून ती महाडला आणली. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं भाड्याचं घर होतं. तिथपर्यंत हमालाच्या डोक्यावरून ती आली तेव्हा मागं पोरांची मिरवणूक होती.

"भावोजी, एकदम फस्टक्लास पीस हाय," तो म्हणाला. "साहेबाच्या हॉलमधी लाईट लावला की काय दिसायचा! आत लाल लाल झाडं. मी रोज पुसायचा."

"आमच्याकडे लाईट कुठं आहे?" मी म्हटलं.

"मग त्यात मीठ भरा," तो म्हणाला, आणि ती दोघं भावंडं हसत सुटली.

माझी बायको पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या घरी पुस्तकं फार आणि माणसं कमी. लग्नाला वर्षं झाली तरी मूल नव्हतं, आणि मी दिवसभर हायस्कूलमध्ये. पेटी आली आणि तिला काम मिळालं. ओळखीच्या सुताराकडून तिनं जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून लांबी करून घेतली, खिडकीच्या काचा बसवतात तशी, आणि पेटीच्या फटी स्वतः बुजवल्या.

पहिली वाळू मी आणवली, दासगावकडची. ती चुकीची निघाली. तिथवर भरतीचं पाणी येतं, वाळूला खार असतो, आत शिंपल्यांचे तुकडे असतात. आधी सोडलेले मासे तळाशी जाऊन पडले. तिनं ती सगळी उपसली. मग माहेराहून येताना वरच्या नदीची वाळू आणली, आणि वाळूखाली घालायला जांभ्याची तांबडी माती. मासेही तिकडचेच, भातखाचरातले, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले. आणि बांधाच्या कडेला, पाऊस ओसरताना, साचलेल्या पाण्यात जी बारीक गोल पानांची तांबडी वनस्पती पसरते, तिच्या जुड्या ओल्या फडक्यात बांधून आणल्या. तिचं नाव मला कुणी सांगू शकलं नाही. वाडीत तिला नाव नव्हतं, कारण ती गुरांना घालत नाहीत आणि औषधालाही वापरत नाहीत. बायको तिला नुसतं तांबडी म्हणायची.

माजघरात ठेवल्यावर पंधरवडाभरात तांबडी हिरवी झाली. नवी पानं फिकट, पोपटी, लांबट. मला तीही बरी दिसत होती. बायको मात्र रोज समोर बसून बघायची.

"हिला ऊन नाय," ती म्हणाली. "बांधावर उघडी असते ना, दिवसभर उन्हात. तोंड तांबडं व्हतं ते उन्हानं. इथं आपलं घर म्हणजे काळोखं पेव."

पेटी अंगणात ठेवता येत नव्हती. अंगणात पाणी तापायचं, मासे वर येऊन तोंडं उघडायचे, काचांवर शेवाळ चढायचं. तेव्हा तिनं मला घरमालकांकडे पाठवलं, माजघरावरचं एक कौल काढून तिथं काचेचं कौल बसवू द्या म्हणून. म्हातारे ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"मास्तर, आज कौल काढायचं म्हणता, उद्या म्हणाल भिंत काढा, परवा म्हणाल तुम्हीच निघा."

"एकच कौल."

"गळलं तर?"

दाराआडून, माझ्या मागोमाग आलेल्या बायकोचा आवाज आला. मालकांशी ती समोरासमोर बोलत नसे. "म्हणावं, गळलं तर खाली पेटीच हाय. पाणी पेटीत पडंल."

म्हाताऱ्यांची सुपारी हातातच राहिली. मग ते खो खो हसले आणि कौल बसलं.

त्यानंतर मला कळलं की ऊन म्हणजे एक वस्तू नाही. काचेच्या कौलातून पडणारा कवडसा सकाळी भिंतीवर असायचा, मग उतरून जमिनीवर यायचा, पेटीवरून सरकत जायचा आणि दुपारनंतर जात्यापाशी संपायचा. उन्हाळ्यात तो नेमका पेटीवर यायचा. थंडीत सूर्य दक्षिणेला कलला की कवडसा पेटीला शिवतसुद्धा नसे. तेव्हा ती फणी-कुंकवाच्या फणेरपेटीचा आरसा मागच्या दारात उभा करायची आणि अंगणातलं ऊन त्याच्यावरून आत वळवायची. ऊन सरकलं की आरसा थोडा फिरवायचा. पुन्हा सरकलं की पुन्हा. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, तांदूळ निवडताना ती मध्येच उठून आरसा वळवून यायची. सुट्टीच्या दिवशी मी वाचत बसलेला असायचो आणि छतावरून उजेडाचा एक तुकडा सर्रकन जायचा. मी वर बघायचो. ती म्हणायची, "तुमचं चालू द्या."

तांबडी पुन्हा तांबडी झाली. आधी शेंड्याची पानं गुलाबी, मग माणकासारखी, आणि खालची विटकरी. पण उन्हाबरोबर ती वाढायचीही फार. शेंडे पाण्यावर पोचले की तिथंच पसरायचे आणि खाली सावली करायचे. मग खालची पानं गळायची, काड्या उघड्या पडायच्या. तेव्हा ती बाह्या सारून पेटीत हात घालायची. शेंडे वीतभर खुडायची, जुन्या काड्या मुळासकट उपटून टाकायची, आणि खुडलेले शेंडे अंगठ्यानं वाळूत दाबून ओळीनं लावायची. भाताच्या आवणातली रोपं लावावीत तसं. हात भराभर चालायचा, चेहरा पाण्याजवळ. मी म्हणायचो, "एवढं वाढलेलं उपटतेस कशाला?" ती उत्तर देत नसे. तिच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी ती गौरीला माहेरी गेली, येताना नवीन जुड्या घेऊन आली आणि पेटी नव्यानं लावली. दसऱ्याच्या सुमाराला तिला कावीळ झाली. डॉक्टर झाले, झाडपाला झाला. कार्तिकात ती गेली.

परसातून सोडवलेल्या काड्या मी एका काचेच्या बरणीत ताज्या पाण्यात ठेवल्या आणि बरणी खिडकीत. आत्यानं ते पाहिलं.

"सुतकात कसली रोपं लावतोस रे?"

"लावत नाही. नुसती पाण्यात ठेवली आहेत."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग बरणी आत सारून म्हणाली, "कडंला नको, मांजर पाडंल."

सुतक फिटल्यावर मी पेटी पुन्हा लावली. ओतताना एका कोपऱ्यातली लांबी निघाली होती, ती सुताराकडून भरून घेतली. अळवातली वाळू चाळली, धुतली. माती, वाळू, विहिरीचं पाणी. काड्या लावताना माझा हात जड पडत होता. लावलेली काडी सुटून वर यायची आणि तरंगायची. दोन बोटांत धरून, अंगठ्यानं दाबून, हात हळूच काढून घ्यायचा असतो, एवढं आठवत होतं. बऱ्याच वेळानं त्या उभ्या राहिल्या. मासे मी आणले नाहीत.

काड्या जगल्या. माघापर्यंत त्यांना नवी पानं फुटली. सगळी हिरवी.

मी पुस्तकं चाळली. शाळेच्या कपाटातलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक पानांतल्या हिरव्या द्रव्याबद्दल पुष्कळ सांगत होतं, लाल पानाबद्दल फारसं नाही. पण कारण शोधायला पुस्तकाची गरजही नव्हती. थंडीचे दिवस, कवडसा पेटीपासून दूर, आणि आरसा फिरवायला घरात कुणी नाही. सकाळी शाळेला निघताना मी आरसा लावून जायचो. त्या जागी ऊन थोडा वेळ टिकायचं. मग ते भिंतीवर जायचं, मग उतरंडीवर, मग कुठंही नाही. संध्याकाळी कुलूप काढून आत यावं तर आरसा रिकाम्या आढ्याकडे बघत उभा असायचा. या वनस्पतीला तांबडं राहायला दुपारी घरात माणूस लागतं. हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं, कारण तोपर्यंत दुपारी घरात माणूस होतं.

आत्या अधूनमधून गावाहून यायची. एकदा तिनं मला शाळेची टोपी डोक्यावर असतानाच आरशाशी खटपट करताना पाहिलं.

"आरसा फिरवायला तरी कुणी आण घरात," ती म्हणाली.

"आत्ये."

"मी आरशाचंच बोलते हाय," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

चैत्रात शाळा सकाळची झाली. दुपारी मी घरी असायचो, आणि सूर्यही वर आला होता. काचेच्या कौलातून सरळ ऊन पाण्यात उतरू लागलं. थोड्याच दिवसांत शेंड्यांना लाली चढली. मी पेटीसमोर बसून ती बघायचो. आनंद झाला असं म्हणवत नाही. नुसतं बघत राहायचो. पाणी तापू नये म्हणून पेटीभोवती ओलं फडकं गुंडाळायचो, काचांवरचं शेवाळ घोसाळ्याच्या जाळीनं खरवडायचो. शेंडे पाण्यावर पोचले आणि पसरले. खाली सावली पडली. खालची पानं गळून वाळूवर साठली. काड्या बुडाशी काळ्या पडू लागल्या.

काय करायचं ते मी अनेकदा पाहिलेलं होतं. पण खुडायचं म्हणजे खालची काडी उपटून टाकायची. शेंडा तर माझ्या घरात, माझ्या पाण्यात, ती गेल्यावर फुटलेला. तिच्या अंगठ्यानं दाबलेला भाग तो खालचाच. बाह्या सारून मी पेटीपाशी उभा राहायचो आणि बाह्या पुन्हा खाली घ्यायचो.

वैशाखात सासूबाई आल्या. पोलादपूरहून यस्टीनं, हातात फणसाचे गरे आणि तांदळाच्या फेण्या. बायको गेल्यानंतर त्या प्रथमच येत होत्या. बायकोच्या भावानं त्यांना सांगितलं होतं की तिची झाडं अजून आहेत. पाणी पिऊन झाल्यावर त्या सरळ माजघरात गेल्या आणि पेटीसमोर बसल्या. कवडसा पेटीवरच होता. वरचे शेंडे तांबडे, त्यांचा तांबूस उजेड समोरच्या भिंतीवर हलत होता.

"ह्यातली तिची कंची?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

त्या वाकून बघत राहिल्या. "खाली काळं झालंय, जावई."

"हो."

"तिकडं बांधावर ढीगभर येतंय. पाऊस उघडला की आणून देऊ?"

"नको, आई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमाला हेच पायजे."

मी काचेवरचं शेवाळ बोटानं पुसलं.

"मलाबी तीच पायजे व्हती," त्या म्हणाल्या.

कवडसा जात्याकडे सरकला तसा भिंतीवरचा तांबूस उजेड गेला. त्या उठल्या, पदरानं डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन, मी जेवतो तरी काय, हे डबे उघडून बघू लागल्या. "हे काय तांदूळ? ह्याच्यात किडं पडलेत," असा आवाज आला. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात पाण्याला वास येऊ लागला. काळेपणा बुडापासून वर चढत होता. आणखी थांबलो असतो तर शेंडेही गेले असते. दुपारी शाळेतून आल्यावर मी पेटीत हात घातला. शेंडे खुडले आणि परातीत पाणी घेऊन त्यात ठेवले. मग जुन्या काड्या उपटल्या. त्या सहज आल्या, मुळांना बळ उरलेलं नव्हतं. त्यातल्या ज्या बऱ्या वाटल्या त्या मी टाकल्या नाहीत. पेटीच्या एका कोपऱ्यात वेगळ्या रोवल्या, कदाचित बुडाशी फुटतील म्हणून. शेंडे ओळीनं लावले. या वेळी हात बरा चालला.

कोपऱ्यातल्या काड्या फुटल्या नाहीत. ज्येष्ठात पाऊस लागला, मालकांनी पश्चिमेकडच्या पडवीला झावळ्यांचे झाप बांधले आणि घर नेहमीसारखं काळोखात गेलं. काचेच्या कौलावर शेवाळ धरलं. पावसानं जरा उसंत घेतली की मी शिडी लावून ते पुसायचो, दोन दिवसांत ते पुन्हा धरायचं. आतले शेंडे हिरवे झाले, पण जगले. कोपऱ्यातल्या काड्या मऊ पडल्या आणि हात लावताच पाण्यात विरून गेल्या. जे हाती आलं ते मी परसात अळवाच्या बुडाशी टाकलं.

त्याच्यानंतर दर काही महिन्यांनी मी शेंडे खुडत आलो आहे. खुडायचे, जुनं उपटायचं, नवं लावायचं. आता त्याला वेळ लागत नाही. सासूबाई गेल्या, आत्या गेली. त्या दोन्ही घरांत पाणी ओतताना मी हजर होतो.

आमच्या आळीत आता वीज आली आहे. पेटीवर मी नळीचा दिवा टांगला आहे. साधा गोळा लावून पाहिला होता, त्यानं पाणी तापायचं. शाळेला जाताना दिवा लावून जातो आणि आल्यावर बंद करतो. पावसाळ्यात त्याचा उपयोग होतो. मासे नाहीत. तांबडी शेंड्याला तांबडी आहे, खाली हिरवी आहे. तिनं लावलेली एकही काडी पेटीत नाही.